घर नावाची सवलत

आपल्या काव्यशास्त्राने विरहाची जेवढी बारकाईने मोजदाद केली आहे तेवढी फार थोड्या गोष्टींची केली असेल. भरताच्या अष्टनायिकांत प्रोषितभर्तृका आहे. जिचा पती प्रवासास गेला आहे ती. हालाच्या गाथासप्तशतीत पावसाळा तोंडावर आला तरी न परतलेला पथिक आणि त्याची वाट पाहणारी स्त्री पुन्हा पुन्हा भेटतात. मेघदूतातल्या यक्षाचा शाप नेमका एका वर्षाचा आहे, आणि काव्यात त्यातले चार महिने उरलेले आहेत. जात्यावरच्या ओव्यांत आणि शाहिरी लावणीत मोहिमेवर वा परगावी गेलेल्या माणसाचे दिवस बोटांवर मोजले जातात. मात्र एवढ्या मोजणीत एक प्रश्न सहसा येत नाही : या दिवसांचे मोल कोणी दिले? पथिक कोणाच्या कामासाठी बाहेर पडला, त्याला काय मिळाले आणि घरी न घालवलेला काळ त्या मोबदल्यात धरला होता काय? हा काव्याचा प्रांत नव्हे, असे मानून साहित्याचे अभ्यासक या प्रश्नाला बगल देत आलेले आहेत.

हाच प्रश्न आम्हांला आजच्या एका पथिकाविषयी विचारावासा वाटतो. हा पथिक आहे अमेरिकेतला नवशिका ट्रकचालक. त्याच्या धंद्यात विरहासाठी शब्द नाही, पण त्याच्या उलट अवस्थेसाठी आहे. तिथे तिला ‘होम टाइम’ म्हणतात. चालक हव्या असलेल्या कंपन्यांच्या जाहिराती पाहिल्या, तर तीन गोष्टी ठळकपणे मांडलेल्या दिसतात : दर मैलामागे किती सेंट, होम टाइम किती आणि ट्रेलर कोणत्या प्रकारचा. घरी घालवायचा काळ पगार व आरोग्यविमा यांच्या रांगेत, कंपनी देऊ करत असलेल्या लाभांपैकी एक म्हणून उभा असतो. आमचे म्हणणे असे की, ही मांडणीच मुळात उफराटी आहे. कामगाराचे घर ही मालकाने द्यायची सवलत होऊ शकत नाही. ती सवलत वाटते याचे कारण मजुरी मोजण्याच्या पद्धतीत दडलेले आहे.

पदव्युत्तर वर्गांत उपयोजित मराठी शिकवताना जाहिरातीची भाषा हा घटक आपण घेतोच. त्याच दृष्टीने या जाहिरातींचे व्याकरण पाहावे. वाक्याचा कर्ता बहुधा कंपनी असते आणि चालक कर्म. कंपनी त्याला दर आठवड्याला घरी ‘पोचवते’. घरी जाणे ही त्याची क्रिया उरत नाही, ती त्याच्यावर केली जाते. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत रूढ हिशेब असा आहे की, बाहेर काढलेल्या प्रत्येक आठवड्यामागे घरी एक दिवस. सात दिवस रस्त्यावर, एक दिवस घरी, असे आठ दिवसांचे चक्र धरले तर वर्षाकाठी घरी सुमारे ४५ दिवस पडतात. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कारकुनाला केवळ साप्ताहिक सुट्ट्यांचेच १०४ दिवस मिळतात. यक्षाचा तो शाप होता. येथे ती नोकरीची अट आहे.

आता मोजणीकडे वळू. या धंद्यात मजुरीचे मूळ माप मैल हे आहे. समजा, मैलाला ५० सेंट दर आहे आणि चालकाने दिवसभरात ५०० मैल गाडी चालवली. (हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) त्याचे झाले २५० डॉलर. हे अंतर साडेआठ तासांत कापले तर तासाला २९ डॉलर पडले. मजुरी वाईट नाही. पण त्याच दिवशी माल चढवून घेण्यात आणि बांधण्यात दोन तास गेले, उतरवण्याच्या ठिकाणी रांगेत दोन तास आणि गाडीची तपासणी, इंधन व कागदपत्रे यांत एक तास, तर दिवस साडेतेरा तासांचा होतो आणि तासाची मजुरी साडेअठरा डॉलरांवर येते. त्यानंतरचे दहा तास तो घरापासून शेकडो मैलांवर, मोटारतळावर, गाडीच्या केबिनमध्ये झोपतो. ते तास या हिशेबात कोठेच नाहीत. शिवाय मैलालाही दोन अर्थ आहेत. कित्येक कंपन्या मजुरीसाठी टपाल क्षेत्र ते टपाल क्षेत्र असे कोष्टकातले अंतर धरतात. गाडीला मात्र वळसे घालून खऱ्या रस्त्याने जावे लागते. रस्त्यावरचा मैल आणि पगारपत्रकातला मैल हे समानार्थी शब्द नव्हेत.

कायद्याला हे सारे ठाऊक आहे, आणि कायद्यानेच ते होऊ दिले आहे. १९३८ च्या अमेरिकी श्रममान कायद्याने आठवड्यात ४० तासांहून अधिक कामाला दीडपट मजुरी ठरवली. पण आंतरराज्य वाहतुकीतले चालक त्या तरतुदीतून वगळले. चालकांच्या तासांवर परिवहन खात्याचे वेगळे नियंत्रण आहे, हे त्यामागचे कारण. ते नियंत्रण मजुरीसाठी नसून सुरक्षिततेसाठी आहे. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि आठ दिवसांत कामाचे ७० तास भरले की पुढे चालवता येत नाही. सलग ३४ तास विश्रांती घेतली की हे खाते पुन्हा शून्यावर येते. ही विश्रांती घरीच झाली पाहिजे असे नियमात नाही. ती ओसाड मोटारतळावर झाली तरी कायद्याचे समाधान होते. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक चालकांना हे तास विद्युत्‌-यंत्राद्वारे नोंदवणे सक्तीचे झाले. याचा अर्थ असा की, चालकाचा जवळजवळ प्रत्येक मिनिट आता कोठेतरी नोंदला जातो. मोजणे अशक्य आहे म्हणून मैलाने मजुरी देतो, ही सबब आता उरलेली नाही. मिनिट मोजता येते, पण पैसे मैलाचेच मिळतात.

रांगेतल्या खोळंब्याचे उदाहरण घ्या. माल चढवण्या-उतरवण्यासाठीचे पहिले दोन तास फुकट धरण्याची या धंद्यात रूढी आहे. त्यापुढे खोळंबा-भत्ता द्यायचा असतो, तो कधी मिळतो, कधी मिळत नाही. १४ तासांचे घड्याळ मात्र सर्वसाधारणपणे या रांगेसाठी थांबत नाही. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये या विषयावर अहवाल दिला. खोळंबा सरासरी १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते, आणि खोळंब्यामुळे चालकांच्या वार्षिक कमाईत १.१ ते १.३ अब्ज डॉलरांची घट होते, असा अंदाज त्यात आहे. ज्या वेळेचे कोणी पैसे देत नाही, ती वाया घालवताना कोणाचा हात आखडत नाही. गोदामवाल्याच्या लेखी चालकाचा तास फुकट असतो, म्हणून रांग लांबते. आणि रांग लांबली की तो तास चालक वेगातून, झोपेतून अथवा घरातून वसूल करतो.

या व्यवहाराचे सर्वांत उघडे रूप पाहायचे असेल तर फ्लॅटबेड वाहतुकीकडे जावे. फ्लॅटबेड म्हणजे भिंती वा छप्पर नसलेला, सपाट फळीसारखा ट्रेलर. लांबी बहुधा ४८ किंवा ५३ फूट. बंद डब्याच्या ट्रेलरमध्ये माल भरला की दार लावून चालक मोकळा होतो. फ्लॅटबेडवर पोलादी गुंडाळ्या, नळ, लाकडाचे गठ्ठे, यंत्रे असा माल येतो आणि तो जागच्या जागी ठेवण्याची जबाबदारी चालकाची असते. मालाच्या निदान निम्म्या वजनाइतका भार साखळ्या व पट्टे यांनी मिळून पेलला पाहिजे, असा नियम आहे. पहिल्या ५० मैलांच्या आत बांधणी तपासावी लागते, आणि पुढे कामाची पाळी बदलताना, तीन तासांनी अथवा १५० मैलांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा पुन्हा. गाडी, ट्रेलर आणि माल मिळून ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन, ही तिथल्या आंतरराज्य महामार्गांवरची सर्वसाधारण मर्यादा. त्यात वीसेक टनांची एकच पोलादी गुंडाळी असेल, तर साखळी नीट ताणलेली आहे की नाही या प्रश्नावर चालकाचाच नव्हे, मागून येणाऱ्यांचाही जीव टांगलेला असतो.

त्यावर ताडपत्री. पाऊस लागू नये अशा मालावर मोठमोठ्या जड ताडपत्र्या घालाव्या लागतात. वाऱ्यात त्या मालावर चढवणे, मालाच्या ढिगावर उभे राहून पसरणे, खाली उतरून रबरी दोऱ्यांनी कडा बांधणे, आणि माल उतरला की ओल्या, चिखलाने माखलेल्या ताडपत्रीच्या पुन्हा घड्या करणे : हे सारे मैलाच्या मापात शून्य भरते, कारण या काळात गाडी तसूभरही हललेली नसते. अनेक कंपन्या त्यासाठी ‘ताडपत्री-भत्ता’ देतात. हा भत्ता खेपेमागे ठोक असतो. बांधायला एक तास लागो की तीन. फ्लॅटबेडचा दर बंद डब्यापेक्षा काहीसा चांगला असतो असे नवख्यांना सांगितले जाते, आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण हा वरचा दर म्हणजे बक्षीस नसून न मोजलेल्या शारीरिक कष्टांची अंदाजे भरपाई आहे. ती पुरेशी आहे की नाही हे ठरवायचे तर आधी ते कष्ट मोजावे लागतील.

फ्लॅटबेडचे दुसरे आकर्षण म्हणजे आठवडाअखेर घर. एका विभागापुरती वाहतूक करणाऱ्या फ्लॅटबेड कंपन्यांत शनिवार-रविवार घरी मिळण्याची शक्यता अधिक असते. याचे कारण मोठे बोलके आहे. पोलादाचे कारखाने, लाकडाच्या वखारी आणि बांधकामाच्या जागा यांतल्या बऱ्याच ठिकाणी आठवडाअखेर माल देणे-घेणे बंद असते. मालाला जायला जागा नसते, म्हणून चालकाला घरी जायला मिळते. दूरच्या कोठल्यातरी वखारीवरच्या कामगारांनी एकेकाळी आपल्यासाठी सुट्टी मिळवली, तिची सावली ट्रकचालकाच्या घरावर पडते, इतकेच. त्याच्या स्वतःच्या करारात ती सुट्टी हक्क म्हणून बहुधा नसतेच.

नव्या चालकाची बाजू आणखी पडती असते, कारण त्याच्या हाती अनुभव नसतो आणि डोक्यावर बहुधा कर्ज असते. फेब्रुवारी २०२२ पासून व्यावसायिक परवान्यापूर्वी नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण सक्तीचे झाले. परंतु गाडीवर किमान किती तास घालवायचे हे त्या नियमाने ठरवले नाही. प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते, आणि त्या बदल्यात चालकाने बहुधा एक वर्ष तिथेच काम करायचे, आधी सोडले तर खर्च भरून द्यायचा, अशी पद्धत सर्रास आहे. पहिले काही आठवडे तो प्रशिक्षकाबरोबर जातो. एक चालवतो तेव्हा दुसऱ्याने मागच्या बर्थवर, धावत्या गाडीत, झोपायचे. त्यानंतर काही कंपन्या त्याला गाडी भाड्याने देऊन ‘स्वतंत्र व्यावसायिक’ होण्याचा सल्ला देतात. मग गाडीचा हप्ता, इंधन, दुरुस्ती हे सारे त्याच्याच कमाईतून कापले जाते.

या शब्दप्रयोगावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला एक निर्णय साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा असा आहे. न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा या खटल्यात एका चालकाने वेतनाच्या तक्रारीवरून दावा लावला होता. करारात लवादाची अट असल्याने तो न्यायालयात येऊ शकत नाही, असे कंपनीचे म्हणणे. १९२५ च्या लवाद कायद्याने आंतरराज्य व्यापारातल्या कामगारांच्या ‘नोकरीच्या करारां’ना सूट दिली होती, पण हा चालक तर ‘स्वतंत्र व्यावसायिक’, नोकर नव्हे! न्यायालयाने जुने शब्दकोश उघडले. १९२५ साली त्या शब्दाचा अर्थ केवळ मालक-नोकर संबंधापुरता नव्हता, कोणत्याही कामाचा करार त्यात बसत होता, असे ठरवून आठ विरुद्ध शून्य मतांनी निर्णय चालकाच्या बाजूने दिला. एका शब्दाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या अर्थावर एका माणसाला न्यायालयाचे दार उघडले. अर्थविज्ञान हा निरुपयोगी विषय आहे असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.

विरुद्ध बाजूचे दोन युक्तिवाद गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, अनुभवी आणि चपळ चालकाला मैलाचाच दर फायद्याचा ठरतो. तासाने मजुरी दिली तर संथपणाला बक्षीस मिळेल. हे काही अंशी खरे आहे. पण चपळ चालकालाही गोदामाची रांग वेगाने सरकवता येत नाही. त्याच्या हाती असलेल्या कामाला मैलाचा दर खुशाल ठेवावा. हाती नसलेल्या वेळेचा बोजा त्याने का वाहावा? दुसरा युक्तिवाद बाजारपेठेचा : परवडत नसेल तर माणसे सोडून जातील आणि दर वाढतील. माणसे सोडून जातातच. मोठ्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांत वार्षिक गळतीचे प्रमाण अनेक वर्षे ९० टक्क्यांच्या आसपास राहिलेले आहे. मात्र जाणाऱ्यांच्या जागी नवे येत राहतात, आणि नव्यांना होम टाइमचा खरा अर्थ पहिले सहा महिने उलटल्यावर कळतो. अमेरिकी श्रम-सांख्यिकी खात्यानुसार २०२३ मध्ये अवजड ट्रकचालकांची मध्यक वार्षिक कमाई ५४,३२० डॉलर होती. आकडा वरकरणी बरा वाटतो. तो किती तासांचा आहे हे पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

हे नेहमीच असे नव्हते. जिमी हॉफाच्या नेतृत्वाखाली टीमस्टर्स संघटनेने १९६४ मध्ये देशव्यापी वाहतूक करार घडवून आणला, तेव्हा ट्रकचालक हा अमेरिकेतल्या सुस्थितीतल्या कामगारांत गणला जात होता. जुलै १९८० च्या मोटर वाहतूक कायद्याने या क्षेत्रावरचे आर्थिक निर्बंध सैल केले, स्पर्धा वाढली, भाडी उतरली आणि संघटनेचे बळ ओसरले. स्वतः ट्रक चालवलेले अर्थशास्त्रज्ञ मायकेल बेल्झर यांनी २००० साली या स्थित्यंतरावर लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ट्रकला चाकांवरची घामशाळा म्हटले आहे. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी संशोधनासाठी स्वतः चालकाची नोकरी केली आणि २०१६ च्या आपल्या पुस्तकात गाडी भाड्याने घेण्याच्या मोहाची चिकित्सा केली.

ललित साहित्य आणि चित्रपट यांनी या काळात काय केले? ए. आय. बेझेराइड्स यांच्या १९३८ च्या कादंबरीवरून राउल वॉल्श यांनी १९४० मध्ये ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ हा चित्रपट केला. त्यात कर्जाचा हप्ता, झोपेची थकबाकी आणि घरी वाट पाहणारी पत्नी एकाच साखळीत ओवलेली आहेत. झोप अनावर होऊन झालेल्या अपघातात एक भाऊ हात गमावतो. हिशेब तिथे कथानकाच्या गाभ्याशी आहे. मात्र सत्तरच्या दशकात, ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे आणि ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट यांच्या काळात, ट्रकचालक महामार्गावरचा मोकळा, बंडखोर वीर झाला. नेमक्या त्याच दशकाच्या अखेरीस त्याचे करारसंरक्षण ढासळू लागावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. ज्याला आपण स्वच्छंदी म्हणून गौरवतो, त्याच्या मजुरीची चौकशी करण्याची गरज आपल्याला भासत नाही.

हे दूरदेशीचे आहे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. ट्रकच्या पाठीवरची वाक्ये, ‘आईचा आशीर्वाद’ आणि शेरोशायरी हे लोकवाङ्मय म्हणून आपणही हौसेने गोळा करतो. पाठीवरचे वाचतो, केबिनमध्ये डोकावत नाही. भारताने १९६१ मध्ये मोटर वाहतूक कामगार कायदा केला, त्यात दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा व जादा कामाला दुप्पट मजुरी घातली. कागदावर हे अमेरिकेपेक्षा उदार होते. पण तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे खेपेच्या हिशेबाने जाणारा चालक त्याच्या बाहेरच राहिला. त्याच्या घरच्या दिवसांना तर आपण नावही दिलेले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तास आधीच नोंदले जात आहेत. कामावरच्या प्रत्येक तासाला मजुरी द्यावी, तो मैलाचा असो, रांगेचा असो वा ताडपत्रीचा. जादा तासांची १९३८ ची सूट रद्द व्हावी. तशी विधेयके २०२२ पासून अमेरिकी काँग्रेसपुढे येत आहेत. आणि घरी जाण्याचा दिवस जाहिरातीत आश्वासन म्हणून न येता करारात तारीख म्हणून यावा. तो चुकला तर भरपाई मिळावी, जशी माल उशिरा पोचला तर मालधन्याला मागता येते. साहित्याच्या वर्गात काम करणाऱ्यांना यातले काहीच घडवून आणता येणार नाही, हे उघड आहे. पण पुढच्या वेळी प्रोषितभर्तृका शिकवताना एखाद्या विद्यार्थिनीने उठून विचारले की, हा पती गेला होता कोणाच्या कामावर आणि त्याला मिळत काय होते, तर तिला विषयांतर करू नकोस असे आपण सांगू नये.